‘माझ्यामागे काही करू नका’ एवढ्यानं भागत नाही : नास्तिकाच्या अंत्यविधीची तयारी

माझी आत्या आयुष्यभर नास्तिक होती. भांडणारी नव्हे. देवाचा विषय निघाला की ती चष्मा पुसायला घ्यायची, एवढंच. “मी गेल्यावर काही करू नका रे,” हे मात्र तिचं पालुपद. ती गेली त्या सकाळी पहिला फोन आला, “किती वाजता?” दुसरा आला, “विधी कोण सांगणार?” माझा आत्येभाऊ दोन रात्री इस्पितळाच्या बाकड्यावर काढून आला होता. ‘काही करू नका’ यातून त्याला दोन्ही प्रश्नांचं उत्तर सापडेना. तिसऱ्या फोनवर कुणीतरी म्हणालं, “मी बघतो, तू काळजी करू नकोस,” आणि तासाभरात धर्मगुरू दारात.

प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. समोर बघतो तर आत्येभावाचेही उघडे, माझ्याकडेच लागलेले. नंतर मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “दुसरं काय करायचं होतं, तेवढं सांग.”

मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. ‘हे नको, ते नको’ अशी यादी आपल्यापैकी बहुतेकांकडे असते, पण अंत्यविधी नुसत्या नकारांवर पार पडत नाही. विधी माणसांच्या हाताला काम देतो, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सांगतो. तो काढून टाकला की तिथे भोक पडतं, आणि जवळ जे असेल त्यानं ते भरलं जातं.

आधी दुसऱ्याच्या अंत्यविधीबद्दल

आपला दिवस येईपर्यंत आपल्याला इतरांच्या कितीतरी अंत्यविधींना जायचं असतं, आणि त्यातले बहुतेक धार्मिकच असणार. तिथे चिडचिड होते, एकटं वाटतं, आपण ढोंग करतोय की काय असंही वाटतं. त्यावर माझा साधा उपाय म्हणजे घरून निघण्यापूर्वीच तीन गोष्टी वेगळ्या करणं. पहिली हजेरी: उभं राहणं, शांत बसणं, खांदा देणं, सामान उचलणं. ही बिनशर्त. दुसरी हावभाव: मान लवणं, हात जोडणं. हे मी मृताच्या आणि घरच्यांच्या मानासाठी करतो, कुणाला ते जड जात असेल तर नुसतं स्तब्ध उभं राहिलं तरी पुरतं. तिसरी उच्चार: ‘मी मानतो, माझी श्रद्धा आहे’ अशा अर्थाचे शब्द तोंडानं म्हणणं. ते मी म्हणत नाही. तुम्ही ओठ हलवले की नाही हे कुणी बघत नसतं. बघत असेलच, तर तोही तुमच्यातलाच.

एखादं काम अंगावर येणार अशी शक्यता असेल तर आदल्या दिवशीच बोला. ऐनवेळी चारचौघांत ‘मी नाही करणार’ म्हटलं की तो घरच्यांचा अपमान ठरतो. तेच आधी, बाजूला घेऊन सांगितलं तर अडचण राहत नाही: “काकू, प्रार्थना दुसऱ्या कुणीतरी म्हणू दे. काकांच्या आठवणी मी सांगतो, आणि लोकांना कळवायचं काम माझ्याकडे द्या.” नकारासोबत एखादं काम मागून घेतलं की तो नकार कुणाच्या लक्षातही राहत नाही.

समाचाराला काय बोलावं, हा प्रश्न मराठीत जरा अवघड आहे, कारण आपली तयार वाक्यं सगळी देवाच्या दारातून येतात: देवाघरी गेले, सद्गती मिळो, आत्म्याला शांती लाभो. ती टाळून काव्यात्म काही रचायला जाऊ नका. “फार वाईट झालं. मी आहे, उद्या पुन्हा येतो,” एवढं पुरतं, मात्र दुसऱ्या दिवशी जायला हवं. त्याहून चांगली म्हणजे एखादी नेमकी आठवण, जी घरच्यांना माहीत नव्हती. आणि समोरची बाई “ते वरून बघताहेत” म्हणाली तर ऐकून घ्या. त्या क्षणी ती सिद्धान्त मांडत नसते.

लहान मुलं बरोबर असतील तर ‘झोपलेत’, ‘लांब गेलेत’ असलं काही सांगू नका. मुलं ते शब्दशः घेतात आणि मग झोपायला घाबरतात. शरीर चालायचं थांबलं, ते पुन्हा सुरू होत नाही, आता त्यांना काही दुखत नाही, इतक्या सरळ वाक्यांत सांगा.

खरा संताप येतो तो गेलेला माणूसच नास्तिक असतो आणि त्याचा निरोप धार्मिक होतो तेव्हा. त्या माणसाचं अर्धं आयुष्य कुणीतरी खोडरबरानं पुसावं तसं वाटतं. तरी तिथे बोलू नका. पंधरा दिवस जाऊ द्या, मग त्याची पाच-सात माणसं जमवा, त्यानं काय मानलं आणि का मानलं ते बोला, लिहून काढा, एक प्रत घरच्यांना द्या. आत्याच्या बाबतीत आम्ही हे केलं, तेव्हा तिच्या चष्मा पुसण्यावर सगळे इतके हसले की आत्येभावालाही पहिल्यांदा मोकळं रडता आलं.

उलटी बाजूही आहे. आई श्रद्धाळू, मुलगा नास्तिक. अशा वेळी माझं मत पक्कं आहे: आईचा अंत्यविधी आईच्याच पद्धतीनं व्हावा. मुलानं स्वतः मंत्र म्हणायची गरज नाही, ते काम मानणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवावं आणि आपण बाकीचं सगळं उचलावं. तिचा शब्द आपण पाळला नाही, तर आपला कागद कुणी पाळावा असं म्हणायला तोंड राहत नाही.

पहिली पायरी : कागदाच्या आधी माणूस

आता आपलं स्वतःचं. इथे थोडा इतिहास बघण्यासारखा आहे. स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवणारा शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८८२ साली गेला. आपल्या डाउन गावीच आपल्याला पुरतील अशी त्याची अपेक्षा होती. मित्रांनी आणि वैज्ञानिक मंडळींनी चक्रं फिरवली आणि त्याचं दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रसिद्ध चर्चमध्ये, धार्मिक विधींसह झालं. जवाहरलाल नेहरूंनी १९५४च्या मृत्युपत्रात आपल्यासाठी कोणतेही धार्मिक विधी करू नयेत असं स्पष्ट लिहिलं होतं. १९६४ साली त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार झाले ते मंत्रोच्चारातच. दोघांचंही म्हणणं काय होतं हे लोकांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी निर्णय ज्यांच्या हातात होता, त्यांना काही वेगळं हवं होतं.

तिसरं उदाहरण कायद्याचं. इंग्लंडमध्ये एका गृहस्थानं मृत्युपत्राच्या पुरवणीत लिहून ठेवलं की माझा देह माझ्या मैत्रिणीच्या हवाली करा, ती दहन करील. घरच्यांनी त्याला धार्मिक पद्धतीनं पुरलं. त्या बाईनं पुढे देह उकरून काढण्याची परवानगी मिळवली, तो इटलीतल्या मिलानला नेला, दहन केलं आणि खर्च मागण्यासाठी कोर्टात गेली. १८८२च्या ‘विल्यम्स विरुद्ध विल्यम्स’ या निकालात ती हरली. मृतदेह ही कुणाची मालमत्ता नसते, त्यामुळे त्याची विल्हेवाट कशी लावावी याबद्दलच्या मृत्युपत्रातल्या सूचना बंधनकारक नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं. हे तत्त्व पुढे अनेक देशांच्या कायद्यांत झिरपलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुम्ही राहता तिथे हा निर्णय कायद्यानं कुणाचा, हे एखाद्या वकिलाला विचारून घेणं. कुठे जवळच्या नातेवाइकाचा असतो, कुठे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचा, आणि काही ठिकाणी, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या अनेक राज्यांत, तुम्ही लेखी नेमलेल्या माणसाचा. नेमता येत असेल तर नेमाच. माणूस निवडताना सर्वांत मायाळू शोधू नका. मोठ्या काकांचा फोन आल्यावर आवाज न चढवता “नाही काका, त्यांचं असं ठरलेलं होतं” हे वाक्य चार वेळा म्हणू शकेल असा शोधा. त्याच्या मागे दुसरं एक नाव ठेवा, कारण पहिला त्या दिवशी तापानं फणफणलेला असू शकतो.

दुसरी पायरी : देहाचं काय

विधी न करता दहनही होतं आणि दफनही. गंमत अशी की युरोपात दहन हीच एके काळी बंडखोरी होती. मिलानमध्ये १८७६ साली दहनगृह सुरू झालं, मुक्तविचारी लोकांनी त्याचा हिरिरीनं पुरस्कार केला, आणि कॅथलिक चर्चनं १८८६ साली दहनावर बंदी घातली. ती १९६३ साली उठली. सांगायचं एवढंच की पद्धतीला धर्म नसतो, तो आपण चिकटवतो. नेहरूंनी मूठभर राख गंगेत सोडायला सांगितली होती, तीही धार्मिक भावनेनं नव्हे तर लहानपणापासूनच्या ओढीनं, हे त्याच मृत्युपत्रात लिहून. तुमची ओढ कुठे असेल तर तुम्हीही कारणासकट लिहा, म्हणजे लोक चुकीचा अर्थ काढणार नाहीत.

दहन यंत्रात होणार असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. पेसमेकर बसवलेला असेल तर तो आधी काढावा लागतो, नाहीतर उष्णतेनं त्याचा स्फोट होतो. ही नोंद कागदावर वरच्या बाजूला हवी. आणि मोठ्या माणसाची राख साधारण दोन-तीन किलो भरते. तिचं काय करायचं हे न सांगता गेलात तर ती वर्षानुवर्षं कुणाच्या तरी कपाटात राहते, आणि टाकायचा धीर कुणाला होत नाही.

देहदान हा नास्तिकांचा आवडता पर्याय, आणि त्याला जुनी परंपरा आहे. जेरेमी बेंथम हा तत्त्वज्ञ १८३२ साली गेला तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्यानं फक्त फाशी दिलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनासाठी मिळत. त्यानं आपला देह आपणहून देऊ केला. त्याच्या सांगाड्याला त्याचेच कपडे चढवले गेले आणि तो आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये खुर्चीत बसलेला आहे. डोकं टिकवण्याचा प्रयोग फसला, म्हणून ते तेवढं मेणाचं. इतकं काही तुम्ही करावं असं नाही, पण देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे काम झालं हा गैरसमज काढून टाका. शवविच्छेदन झालं असेल, काही संसर्गजन्य आजार असेल, खूप वेळ गेला असेल किंवा आतले अवयव काढले गेले असतील, तर वैद्यकीय महाविद्यालयं बहुधा देह नाकारतात. घरच्यांच्या संमतीशिवायही सहसा घेत नाहीत. तेव्हा ‘नाकारला तर काय’ ही ओळ लिहायलाच हवी. ती नसल्यामुळे आयत्या वेळी धार्मिक विधीकडे वळलेली घरं मी पाहिली आहेत.

अवयवदान आणि नेत्रदान वेगळं आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे बहुतेक वेळा मेंदूमृत्यू होऊन कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णाचंच घेता येतं. घरी हृदय बंद पडलेल्या माणसाचे हे अवयव उपयोगी पडत नाहीत, पण डोळे पडतात. साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक पोचायला हवेत. तोवर पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. चष्मा असणं किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणं आड येत नाही. नेत्रदानानंतर देहदानही सहसा चालतं.

नव्या पद्धतींबद्दल थोडक्यात. पाणी, अल्कली आणि उष्णतेनं देह विरघळवण्याची पद्धत काही देशांत आहे. २०२१च्या डिसेंबरात गेलेले दक्षिण आफ्रिकेतले डेस्मंड टुटू यांनी ती निवडली होती, आणि ते तर आर्चबिशप, म्हणजे चर्चचे बडे धर्मगुरू. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१९ साली देहाची माती करण्याला कायदेशीर मान्यता दिली. ब्रिटनमधल्या कार्लाइल इथे १९९३ साली झाडाखाली, विनादगडाच्या नैसर्गिक दफनाची जागा सुरू झाली. तुमच्या भागात यातलं काही उपलब्ध नसेल तर ते कागदावर लिहून घरच्यांना कामाला लावू नका.

तिसरी पायरी : एक पान

मृत्युपत्र बऱ्याचदा सगळं उरकल्यावर उघडलं जातं. बँकेच्या लॉकरमधला कागद रविवारी सकाळी कुणाच्या कामाचा? म्हणून अंत्यविधीचं पान वेगळं ठेवा, मोठ्या अक्षरात, एकच. एक प्रत नेमलेल्या माणसाकडे, एक घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी, एक फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा:

“मी कोणताही धर्म मानत नाही. माझ्या मृत्यूनंतरचे निर्णय अमुक घेईल, ती उपलब्ध नसल्यास तमुक. मला पेसमेकर आहे / नाही. नेत्रदान करावे, नेत्रपेढीचा नंबर सोबत आहे. देहदानाची नोंदणी अमुक ठिकाणी आहे, त्यांनी देह न स्वीकारल्यास दहन करावे. मंत्र, प्रार्थना, पुरोहित, मौलवी, पाद्री यांपैकी काही नको. निरोपाचा कार्यक्रम मागच्या पानावर. घरातल्या कुणाला आपल्यापुरती प्रार्थना करायची असल्यास जरूर करावी, ती कार्यक्रमात नसावी. राख अमुक झाडाच्या मुळाशी. खर्चाची तरतूद अमुक खात्यात.”

खाली तारीख, सही, दोन साक्षीदार. कायद्यानं याचं वजन ठिकाणानुसार कमी-जास्त असेल, पण दमलेल्या मुलाच्या हातात आधार म्हणून या पानाचं वजन फार असतं. आत्येभावाकडे नेमकं तेच नव्हतं.

पान लिहून गुपचूप ठेवू नका. घरात मानणारं कुणी असेल, विशेषतः नवरा किंवा बायको, तर बसून बोला, आणि आधी स्वतःशी ठरवा की कशावर अडून बसायचं. “तू गेल्यावर मी काहीच करायचं नाही का?” असं बायको विचारते तेव्हा ती धर्माचा मुद्दा काढत नसते. तिला काहीतरी करायला हवं असतं. माझ्या घरी तडजोड अशी झाली की मुख्य निरोप माझ्या पद्धतीनं, आणि नंतर तिला स्वतःसाठी जे करायचं ते तिनं माझ्या नावाचा बोभाटा न करता करावं. मी मेलेला असणार, मला त्याचा त्रास व्हायचं कारण नाही, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला.

चौथी पायरी : निरोपाचा कार्यक्रम

ब्रिटन, नॉर्वे, आयर्लंड अशा देशांत मानवतावादी संघटना अशा कार्यक्रमासाठी प्रशिक्षित सूत्रधार देतात. बाकी ठिकाणी तो आपल्यातूनच शोधावा लागतो. खड्या आवाजाचा, फार न रडणारा, शिक्षकी बाण्याचा एखादा मित्र उत्तम. पस्तीस-चाळीस मिनिटं पुरेत.

सुरुवातीला सूत्रधारानं दोन वाक्यांत सांगितलंच पाहिजे की हा निरोप धार्मिक नाही आणि तो गेलेल्या व्यक्तीच्याच इच्छेनं असा आहे. हे सांगितलं नाही तर लोक शेवटपर्यंत कुणाची तरी वाट बघत राहतात. मग एकाच माणसानं आठ-दहा मिनिटांत आयुष्य सांगावं, सनावळ्या तपासून. त्यानंतर दोघांनी तीन-तीन मिनिटं आठवणी सांगाव्यात, लिहून आणलेल्या, म्हणजे साधारण तीन-साडेतीनशे शब्द. ‘कुणाला बोलायचंय का’ असा माइक मोकळा सोडू नका. तो नेहमी चुकीच्या माणसाच्या हातात जातो. दोन मिनिटं शांतता ठेवा आणि मानणाऱ्यांनी तेवढ्यात मनात प्रार्थना करायला हरकत नाही, असं उघडपणे सांगा. या एका वाक्यानं निम्मी नाराजी मावळते.

हाताला काम मात्र हवंच. प्रत्येकानं एक पान किंवा फूल ठेवावं, चिठ्ठीवर ओळ लिहावी, तिच्या पुस्तकांतलं एकेक घरी न्यावं, काहीही. रांगेत उभं राहून, पुढे जाऊन, काही ठेवून परत यायचं असतं तेव्हा माणसाला निरोप घेतल्यासारखं वाटतं. नुसत्या भाषणांनी ते होत नाही.

सगळ्यात अवघड क्षण देह नेण्याचा. धार्मिक विधीत तो आवाजानं भरलेला असतो. आपल्याकडे तिथे अचानक शांतता पसरते, चपलांचा आवाज येतो, कुणाचा तरी मोबाइल वाजतो. म्हणून तेवढ्यासाठी ठरवून काहीतरी ठेवा: तिच्या आवडीचं संगीत आधीपासून सुरू, किंवा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या. टाळ्या काहींना विचित्र वाटतील, पण एका शिक्षकाच्या निरोपाला मी त्या ऐकल्या आहेत, थांबेचनात. संगीत फाइल म्हणून फोनमध्ये ठेवा. इंटरनेटवर विसंबलात तर मधे जाहिरात लागते. शेवट स्पष्ट सांगा: आता देह नेला जाईल, अमुक लोक जातील, बाकीच्यांनी निघायला हरकत नाही.

निवेदनाचे शब्दही तुम्हीच लिहून ठेवा, नाहीतर छापणारा त्याच्याकडचा तयार नमुना घालेल. ‘स्वर्गवासी’, ‘कैलासवासी’ऐवजी दिवंगत. ‘श्रद्धांजली’ऐवजी आदरांजली. ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ या ओळीच्या जागी काहीच नको, तिथे कार्यक्रमाची वेळ आणि पत्ता घाला.

त्यानंतरचे दिवस

धर्म शोकालाही एक वेळापत्रक देतो, आणि घर रिकामं होण्याच्या बेतात असताना लोक पुन्हा जमतात. ते काढून टाकलं की तिसऱ्या दिवशी दार वाजायचं थांबतं. म्हणून पानाच्या शेवटी दोन तारखांसारखं काही लिहा: साधारण महिन्यानं जवळच्यांनी एकदा भेटावं, वर्षानं पुन्हा. कारण काही का असेना, झाड लावणं, कपाट आवरणं, एखाद्या ग्रंथालयाला पुस्तकं देणं. पासवर्ड, बिलं, खाती यांची यादी वेगळ्या कागदावर.

पान दर दोन-तीन वर्षांनी काढून वाचा. माझ्या पानावर दुसरं नाव आत्येभावाचं आहे. त्याला प्रत दिली तेव्हा त्यानं चष्मा नाकावर ओढून ते दोनदा वाचलं, मागचं पान उलटून बघितलं आणि विचारलं, “सगळं ठीक, पण किती वाजता?”

खरंच, ते लिहायचं राहिलं होतं. लांबून येणाऱ्यांसाठी थांबायचं की नाही, किती थांबायचं, शीतपेटी आणायची का, काहीच नव्हतं. खिशातलं पेन काढून त्यानंच समासात लिहिलं: “धाकटी पोचेपर्यंत थांबावे. इतर कुणासाठी नाही.” आणि सहीसाठी पान माझ्याकडे सरकवलं.